ती खिडकीजवळची खुर्ची उचलू नका: वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
सार्वजनिक वाचनालय
(गावाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. ज्यांना पत्र आहे त्यांना ते कळेल, आणि ज्यांच्या गावात हेच चाललंय त्यांनाही.)

माहितीसाठी: ग्रंथालय संचालनालय आणि सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन

विषय: मुक्त वाचनकक्ष बंद करण्याचा ठराव मागे घेण्याबाबत

स. न. वि. वि.

गेल्या सोमवारी संध्याकाळी फळ्यावर आपली सूचना लागलेली पाहिली. १ ऑक्टोबरपासून तळमजल्यावरचा मुक्त वाचनकक्ष बंद, तिथे स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका. वर्तमानपत्रं दोनच, तीही व्हरांड्यात स्टँडवर. मासिकं आणि दिवाळी अंक बंद. आणि गेल्या तीन वर्षांत एकदाही देवघेव न झालेली ललित पुस्तकं ‘निर्लेखित करण्यात येतील’, म्हणजे नोंदीतून काढून टाकली जातील. खाली सचिवांची सही आणि गोल शिक्का. माझी ३१ वर्षं नोकरीतली परिपत्रकं वाचण्यात गेली, त्यामुळे बारीक अक्षरातलं आधी वाचायची सवय आहे. बारीक अक्षरात होतं: ‘सभासदांनी सहकार्य करावे.’

ते सहकार्य मला करता येणार नाही. का, ते सांगतो.

मी एस.टी.चा निवृत्त वाहक. २०२१ साली निवृत्त झालो. मुलगा नोकरीला लागलेला, घराचं कर्ज फिटलेलं, बायकोची तब्येत ठणठणीत. म्हणजे रडायला कारण काही नाही. आणि २०२२च्या पावसाळ्यात माझी झोप गेली. पहाटेच्या पहिल्या गाडीची ड्यूटी असल्यासारखे तीनला डोळे उघडायचे, आणि उजाडेपर्यंत छातीवर कुणी पोतं टाकलंय असं वाटायचं. जेवण जाईना. दाढी करायचाही कंटाळा यायला लागला. लोक विचारायचे, ‘तुम्हाला कमी काय आहे?’ कमी काही नाही हे मलाही दिसत होतं, म्हणून तर जास्त लाज वाटायची.

शेवटी बायकोनं हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. मानसोपचाराचे डॉक्टर जिल्ह्याहून महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी तिथे येतात. त्यांनी नैराश्य म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि केस पेपरच्या मागे एक ओळ लिहिली: रोज दोन तास घराबाहेर, माणसांत. वर तोंडी म्हणाले, ‘बोलायची सक्ती नाही. पैसे लागणार नाहीत अशी जागा शोधा.’

शोधली. देवळात ओळखीचे भेटतात आणि चौकशा करतात. चहाच्या टपरीवर कप संपला की उठावं लागतं. स्टँडवर जाऊन बसलो तर डेपोतली पोरं म्हणायची, ‘काका, घरी करमत नाही काय?’ नगरपालिकेच्या बागेला दुपारी कुलूप. आपणच मोजून पाहा, या गावात काही विकत न घेता, कुणाला काही न सांगता, माणसानं दोन तास बसावं अशा जागा किती? मला एक सापडली.

पहिल्या दिवशी ग्रंथपालबाईंनी नावही विचारलं नाही. पेपर समोर धरून मी तासभर बसलो, एक ओळ डोक्यात शिरली नाही. या दुखण्यात वाचणं लवकर जातं. अक्षरं दिसतात, पण ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरलेली असते. माझ्या समोरचं पान तासभर उलटलं नव्हतं, हे बाईंनी पाहिलं असावं. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, ‘काका, वाचू नका. नुसती पानं उलटा. आणि त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर बसा, फॅन तिथे चांगला लागतो.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा आणून ठेवला. कथाबिथा नाहीत, मी चित्रं आणि जाहिराती बघत होतो. २००३ सालच्या एका अंकात वार्षिक राशिभविष्य होतं. माझ्या राशीला लिहिलं होतं, ‘वाहनसौख्य उत्तम.’ त्या साली मी महिन्यातले सव्वीस दिवस लाल गाडीत, गळ्यात पिशवी अडकवून, एका पायावर उभा होतो! मला हसू फुटलं. मोठ्यानं. शेजारचे गृहस्थ दचकले. पाच महिन्यांत पहिल्यांदा हसलो होतो. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती रडायला लागली.

मग मी माझी युक्ती काढली. एस.टी.चं भाडं टप्प्यानं चालतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. मी एक पान म्हणजे एक टप्पा धरला. पहिले पंधरा दिवस रोज एकच टप्पा. खूण म्हणून घरातलं जुनं तिकीट घालायचं. पुढे पाच झाले, मग दहा. तिसऱ्या महिन्यात एका कथेत असा माणूस भेटला, जो सकाळी उठून अंगणात नुसता उभा राहतो आणि पाण्याची बादली भरायची की नाही हेही त्याला ठरवता येत नाही. लेखकानं त्या बादलीवर दीड पान लिहिलं होतं. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. हे मला एकट्यालाच होत नाही, कुणी तरी ते इतकं नीट पाहून लिहून ठेवलंय. डॉक्टरांनी हेच मला तीन वेळा सांगितलं होतं. पण सांगितलेलं कानात राहतं. हे आत गेलं.

गैरसमज नको म्हणून लगेच सांगतो, मी पुस्तकानं बरा झालो असं माझं म्हणणं नाही. गोळ्या दीड वर्ष घेतल्या आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच बंद केल्या. गोळीनं झोप आणली. उठल्यावर जायला जागा वाचनालयानं दिली. दोन्ही लागलं.

आणि प्रत्येक पुस्तक औषध असतं असंही नाही. आपल्या मंडळानं मागे ‘प्रेरणादायी’ म्हणून एक कपाट भरलंय. हसऱ्या चेहऱ्यांची, सात सवयींची, एकवीस दिवसांची. आजारपणात एका शेजाऱ्यानं त्यातलं एक मला आणून दिलं. त्यात होतं की दुःखी राहायचं की आनंदी हे आपणच निवडतो. म्हणजे मी निवडलं होतं? त्या रात्री मला आणखी वाईट झोप लागली. कुणाला काय द्यायचं हे कळणारं माणूस कपाटाशी असावं लागतं.

डॉक्टरांना बादलीची गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, याला ग्रंथोपचार म्हणतात, ही जुनी गोष्ट आहे. मग मी बाईंच्या मदतीनं शोधत बसलो. इंग्रजीतला ‘बिब्लिओथेरपी’ हा शब्द सॅम्युअल क्रॉथर्स नावाच्या अमेरिकी लेखकानं १९१६ साली एका मासिकातल्या लेखात वापरला, तोही निम्मा थट्टेनं. पण थट्टा पुढे खरी झाली. अमेरिकेत टस्कीगी इथे पहिल्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांचं रुग्णालय होतं. तिथे १९२४ साली सेडी पीटरसन डिलेनी नावाच्या ग्रंथपाल रुजू झाल्या. हाताशी पुस्तकं जेमतेम दोनशे. त्या वॉर्डात खाटेखाटेपाशी जायच्या, कोण रुग्ण काय सोसून आलाय ते समजून घ्यायच्या आणि त्याप्रमाणे पुस्तक द्यायच्या. आंधळे झालेल्यांना ब्रेल शिकवायच्या. मला हे वाचताना आपल्या बाईच दिसत होत्या, फक्त बाईंना वॉर्ड नाही, एक फॅन आहे.

इंग्लंडात तर २०१३पासून देशभर योजना आहे. नैराश्य, चिंता अशा त्रासांसाठी जाणकारांनी पुस्तकांची यादी ठरवायची, डॉक्टरनं त्यातलं पुस्तक सुचवायचं, आणि रुग्णानं ते गावच्या सार्वजनिक वाचनालयातून फुकट न्यायचं. मेडिकलच्या दुकानातून नव्हे, वाचनालयातून. आपल्याकडेही हे अगदीच परकं नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार डॉ. कि. मो. फडके यांनी मराठीत आणला. त्या उपचारात वाचन हा घरचा अभ्यास म्हणून दिला जातो. पुस्तकं मराठीत आहेत. ती मिळायची जागा आपण कमी करत चाललोय.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, ठराव झाला कसा? वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे हा विषय आला नाही. मी सभासद आहे, वर्गणी थकवलेली नाही, सभेला हजर होतो, चहा प्यायलो. हिशेब वाचले गेले, श्रद्धांजली झाली, अध्यक्षांचा सत्कार झाला. वाचनकक्षाचं अवाक्षर नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७चा आहे, वाचनालयाला त्याखाली मान्यता आणि अनुदान मिळतं. नोव्हेंबर २०२२मध्ये मंत्रिमंडळानं त्या अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली तेव्हा आपण सर्वांनी व्हरांड्यात पेढे वाटले होते, मीही खाल्ला. ते अनुदान सार्वजनिक वाचनालयासाठी आहे. महिन्याला आठशे रुपये भरून मिळणाऱ्या अभ्यासिकेच्या केबिनमध्ये सार्वजनिक काय उरलं, ते सांगा.

दुसरी तक्रार जरा लांब आहे. अभ्यासिका. ‘म्हाताऱ्यांना पेपर वाचायला हॉल हवा की तरुणांना भविष्य घडवायला?’ असा प्रश्न मंडळातल्या एका सदस्यांनी मला कट्ट्यावर विचारला. मी त्या मुलांच्या विरोधात नाही. वरच्या मजल्यावर सध्या जी अभ्यासिका आहे तिथली मुलं मी तीन वर्षं पाहतोय. सकाळी सातला येतात, रात्री दहाला जातात. मध्ये डबा. भिंतीकडे तोंड करून बसतात, शेजारी कोण आहे तेही बघत नाहीत. पूर्वपरीक्षेचा निकाल लागला की दोन दिवस जिना शांत असतो. त्यातला एक मुलगा गेल्या मार्चात खाली आला. तिसऱ्यांदा पूर्व निघाली नव्हती. माझ्या समोरच्या खुर्चीवर बसला, पुस्तक नाही, मोबाइल नाही. हे बसणं मला ओळखू आलं. मी काही बोललो नाही, फक्त माझ्यासमोरचा गठ्ठा त्याच्याकडे सरकवला. अर्ध्या तासानं त्यानं एक व्यंगचित्र माझ्याकडे वळवून दाखवलं. मग रोज चारला वीस मिनिटं तो खाली यायला लागला. एप्रिलमध्ये त्यानं मला विचारलं, ‘काका, तुम्ही कुठल्या डॉक्टरकडे जायचा?’

सदस्यमहोदय, तो तरुणच आहे. खालचा हॉल त्याच्याच उपयोगी पडला. केबिन वाढवा, पण त्या केबिनमधून उठून आलेल्या मुलाला बसायला जागा ठेवा. नुसता अभ्यास आणि नुसती भिंत यांनी काय होतं, ते आपण वर्तमानपत्रात वाचतो. आता तर तीही दोनच राहणार.

तिसरी तक्रार निर्लेखनाची. ‘तीन वर्षांत देवघेव नाही’ हा निकष हिशेबाला सोपा आहे, पण तो चुकीचं मोजतो. वाचनकक्षात बसून वाचलेलं पुस्तक रजिस्टरात कुठे चढतं? माझी बादली ज्या पुस्तकात होती ते मी आजारपणात घरी नेलंच नाही. घरी न्यायला मला भीती वाटायची, तिथे पोतं होतं. म्हणजे आपल्या रजिस्टरनुसार ते पुस्तक कुणी वाचलंच नव्हतं. आमच्या वेळी वेबिलवर, म्हणजे वाहकाच्या तिकीट-हिशेबाच्या कागदावर, नसलेला प्रवासी म्हणजे विनातिकीट. पण प्रवासी गाडीत बसलेला असायचा हो!

चौथी, बाईंची. मानधन किती आहे ते मी इथे लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. ते चार-चार महिने थकतं, हे मात्र सगळ्यांना माहीत आहे. हॉल अभ्यासिकेला दिला की कुलूप-किल्लीचं काम करायला एक शिपाई पुरतो, म्हणून त्यांचे तास अर्धे करायचं चाललंय असं ऐकतो. खरं असेल तर माझ्या मते ठरावातलं सगळ्यात वाईट कलम तेच आहे, आणि ते फळ्यावर लिहिलेलंही नाही.

बाकी किरकोळ. १ ऑक्टोबर हा ज्येष्ठ नागरिक दिन असतो. १० ऑक्टोबर जागतिक मानसिक आरोग्य दिन. १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, त्या दिवशी आपल्याकडे दरवर्षी फलक लावून फोटो काढतात. यंदा फोटो कुठे काढणार?

शासनाच्या दोन्ही खात्यांना प्रत पाठवतोय ती उगाच नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याच्या कलम २९मध्ये मनाचं आरोग्य राखण्याचे आणि आजार टाळण्याचे कार्यक्रम आखणं हे सरकारचं कर्तव्य म्हटलंय. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दर दहा प्रौढांमागे एकाला मानसिक त्रास आढळला आणि आजारानुसार त्यातल्या ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. जिल्ह्याला मोजके डॉक्टर, महिन्यातून ठरलेला दिवस, आणि दुसरीकडे राज्यभर हजारोंनी शासनमान्य वाचनालयं, काही खेडोपाडी, काही दीडशे वर्षांहूनही जुनी. रत्नागिरीचं १८२८चं, कोल्हापूरचं १८५०चं. एका खात्याकडे रुग्ण आहेत आणि जागा नाही, दुसऱ्याकडे जागा आहे आणि ती ओस म्हणून विकायला काढलीय. दोन्ही खात्यांची कधी एका टेबलावर बैठक झाल्याचं निदान आमच्या गावात तरी दिसलेलं नाही. भिलारला २०१७ साली सरकारनं पुस्तकांचं गाव केलं, मी नातवाला घेऊन पाहून आलो, सुंदर आहे. पण तिथे माणूस पाचगणीची सहल करून जातो. आजारी माणसाला चालत जाता येईल अशी जागा लागते.

मागण्या अशा:

१. ठराव स्थगित करून तो विशेष सर्वसाधारण सभेपुढे आणावा. सभेत जे बहुमतानं ठरेल ते मी मान्य करीन.

२. अभ्यासिका वाढवायचीच असेल तर हॉलचा खिडक्यांकडचा अर्धा भाग मुक्त वाचनासाठी राहू द्यावा. वीस खुर्च्या, सगळी वर्तमानपत्रं, दिवाळी अंक. येणाऱ्याला कारण विचारू नये.

३. एक कपाट मनाच्या आरोग्यासाठी काढावं. यादी डॉक्टर, ग्रंथपाल आणि आजारातून उठलेली दोन माणसं यांनी मिळून करावी. दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन येणाऱ्याला अनामत रक्कम माफ, आणि त्या चिठ्ठीवर आजाराचं नाव नको. गाव लहान आहे, रजिस्टर कोण कोण चाळतं ते आपल्याला माहीत आहे.

४. निर्लेखनाची यादी महिनाभर फळ्यावर लावावी, आणि सभासदानं हरकत घेतलेलं पुस्तक ठेवावं.

५. ग्रंथपालांचं थकलेलं मानधन द्यावं आणि त्यांचे तास कमी करू नयेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या लोकांकडून त्यांना एक-दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळावं: कुणाला पुस्तक द्यायचं आणि कुणाला ताबडतोब डॉक्टरकडे पाठवायचं, एवढं कळण्यापुरतं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आत-बाहेर, जिन्यातही, मोठ्या अक्षरात लावावा. हे तर उद्यासुद्धा होईल, माझ्याकडे रंग आणि ब्रश आहे.

६. संचालनालयानं आणि आरोग्य विभागानं मिळून एक शासन निर्णय काढावा, निदान प्रत्येक तालुक्यातल्या एका वाचनालयापुरता.

पैशाचा प्रश्न आपण काढणार, म्हणून आधीच लिहितो. आम्ही सहा जण, चार निवृत्त, एक शिक्षिका आणि वर उल्लेख केलेला तो मुलगा, हॉल सकाळी उघडायला आणि संध्याकाळी झाडून बंद करायला तयार आहोत. दर गुरुवारी तासभर मोठ्यानं वाचनही करू, ज्यांचे डोळे गेलेत किंवा ज्यांना ओळ धरता येत नाही त्यांच्यासाठी. गाडीत ‘पुढे सरका’ ओरडून माझा आवाज अजून शाबूत आहे.

पत्र रागानं लिहिलेलं नाही. मंडळातले अर्धे लोक माझ्या गाडीतून शाळेला गेलेत, पासावर.

सभेची तारीख फळ्यावर लागेपर्यंत मी रोज चार ते सहा त्याच खुर्चीवर आहे. १ ऑक्टोबरनंतर खुर्ची नसली तर व्हरांड्यात, स्टँडशेजारी. आपल्यापैकी कुणी आलं तर बोलू, नाही तर शेजारी बसून पेपर वाचू.

आपला,
एक वर्गणीदार सभासद
(निवृत्त एस.टी. वाहक)

ता. क. माझ्याकडे वाचनालयाचं एक पुस्तक आहे. बादलीवालं. सूचना वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी ते मी पहिल्यांदाच रीतसर घरी नेलं, त्यामुळे आता त्याची देवघेव झालेली आहे आणि ते आपल्या निकषात बसत नाही. मुदत संपली की दंड भरीन, पण निर्लेखनाची यादी फळ्यावर लागेपर्यंत परत करणार नाही.